हौशी ग्राहकयंत्र आणि शेजारचें नभोवाणी केंद्र

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. घरांतील जेवणें उरकलीं आहेत, मुलें निजलीं आहेत, आणि माळ्यावरच्या खोलींत एक हौशी बिनतारी संदेशक कानांस हेडफोन लावून बसला आहे. पुढ्यांत त्यानें स्वतः जुळविलेलें ग्राहकयंत्र आहे. ऐंशी मीटरच्या पट्ट्यांत शेंदीडशें कोसांवरील एका स्नेह्याची हांक यावयाची आहे. कांटा हलक्या हातानें फिरत फिरत ३५६४ किलोहर्ट्झवर येतो, आणि स्नेह्याच्या हांकेऐवजीं एक चित्रपटगीत, तेंहि सतारी-व्हायोलिनांच्या साथीसह, अगदीं स्पष्ट ऐकूं येतें. गृहस्थाच्या कपाळास आंठी पडते. ह्या पट्ट्यांत चित्रपटगीताचें काय काम? तो लागलीच कागद ओढतो आणि नभोवाणीच्या अधिकाऱ्यांस तक्रार लिहावयास बसतो कीं, आपलें केंद्र ठरलेली जागा सोडून आमच्या अंगणांत शिरलें आहे.

तें पत्र पेटींत पडण्यापूर्वीं एक लहानसा भागाकार केला तर टपालखर्च वांचेल. ३५६४ ला ३ नें भागिलें असतां ११८८ येतात. आणि ११८८ किलोहर्ट्झ ही मुंबईच्या विविध भारतीची मध्यम लहरींवरील दीर्घकाळची जागा. केंद्र आपल्या जागेवरून रेसभरहि हललेलें नाहीं. त्याची ही तिप्पट बहुतेक वेळां केंद्रावर झालेली नसते व वाटेंतहि झालेली नसते. ती त्या माळ्यावरच्या खोलींत, त्या यंत्राच्याच पोटांत झालेली असते. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार हौशी मंडळींत पुष्कळ चालतो, आणि त्याचें मूळ कारण असें कीं, जें ऐकूं येतें तें बाहेरूनच आलें असें मानण्याची कानाला संवय असते.

ज्यांस ह्या छंदाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगावयास हवेत. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, द्रव्याचा हेतु न ठेवतां स्वतःच्या यंत्रांवरून देशोदेशींच्या समानशीलांशीं बोलणारे ते हौशी. एरव्हीं हा छंद निरुपद्रवी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतें निरुपयोगीहि. परंतु २००४ सालच्या २६ डिसेंबरास अंदमानावर समुद्र चालून आला तेव्हां केवळ छंदाच्या निमित्तानें पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी मंडळींनीं आपलीं यंत्रें मदतीच्या कामास लाविलीं व त्या बेटांची खबर मुख्य भूमीस पोंचविली. अशा प्रसंगीं येणारा आवाज बहुधा क्षीणच असतो. बॅटरी उतरत आलेली असते, एरियल म्हणून झाडास टांगलेली एखादी तार असते. त्या आवाजावर दुसराच कार्यक्रम येऊन बसला तर माणसाचें नांव ऐकूं येईल पण गांवाचें येणार नाहीं, किंवा गांवाचें येईल आणि मेलेल्यांचा आंकडा निसटेल. तेव्हां शेजारचें केंद्र यंत्रांत कसें शिरतें व त्यास कोठें अडवावें, हा प्रश्न फावल्या वेळच्या करमणुकीपुरता नाहीं.

क्षीण म्हणजे तरी किती? ग्राहकयंत्रावरील मापकाचा कांटा नऊवर आला म्हणजे, तीस मेगॅहर्ट्झच्या खालीं, यंत्राच्या तोंडाशीं ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा वीस हजारावा भाग इतका दाब आहे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. कांटा एकवर असेल तर एका मायक्रोव्होल्टाचा जेमतेम पांचवा हिस्सा. आतां दुसरी बाजू पाहावी. शंभर किलोवॅट शक्तीच्या मध्यम लहरींच्या केंद्रापासून पांच किलोमीटरांवर, जमीन चांगली वाहक असल्यास, दर मीटरास अर्ध्या व्होल्टाहून अधिक बळ असूं शकतें. तेथें दहा मीटर तार उभी टांगली तर तींत एकदोन व्होल्ट सहज उत्पन्न होतील. ते सारे यंत्रापर्यंत पोंचतात असें नाहीं. पण एका मायक्रोव्होल्टाची हांक आणि एका व्होल्टाचें गाणें एकाच तारेवरून एकाच दारांतून येऊं पाहतात हें खरें. दाबाचें प्रमाण एकास दहा लाख. शक्तीच्या हिशेबानें पाहिलें तर दहा लाखांचाहि वर्ग!

कांटा ३५०० वर आणि केंद्र ११८८ वर. मग इतक्या दूरच्या पाहुण्याचा उपद्रव कां व्हावा, अशी शंका येणें साहजिक आहे. शाळेंतील ताणकांटा येथें उपयोगी पडतो. त्यास पाव किलोचें वजन लावलें तर स्प्रिंग जितकी ताणते त्याच्या दुप्पट अर्ध्या किलोस ताणते. ह्या सम प्रमाणावरच कांट्याचें खरेंखोटें अवलंबून. पण त्याच कांट्यास धान्याचें पोतें अडकविलें तर स्प्रिंग शेवटास जाऊन टेकते, आणि त्यानंतर वर एक लवंग ठेविली काय किंवा नारळ ठेविला काय, कांटा खरें सांगत नाहीं. ग्राहकयंत्राच्या पहिल्या ट्रॅन्झिस्टरची, व्हॉल्व्हची किंवा डायोडची हीच गत. लहान दाबास तो सम प्रमाणांत उत्तर देतो. दाब मर्यादेबाहेर गेला कीं प्रमाण सुटतें. आणि प्रमाण सुटलें कीं लहरींचीं नवीं अपत्यें जन्मास येतात: एकाच लहरीची दुप्पट, तिप्पट, दोन लहरींची बेरीज, वजाबाकी, एकीची दुप्पट आणि त्यांतून दुसरी वजा. यंत्रांतील निवडीचें मंडल ह्या पायरीच्या पुढें असतें. त्यास ३५६४ वर आलेलें नवजात अपत्य आणि स्नेह्याची खरी हांक ह्यांत कांहींच भेद दिसत नाहीं.

ह्या बेरजा करून पाहण्याजोग्या आहेत. मुंबईच्या मध्यम लहरींच्या केंद्रांच्या दीर्घकाळच्या जागा ५५८, १०४४ व ११८८, पुण्याची ७९२. पुणें आणि मुंबई ह्यांच्या मधल्या टापूंत राहणाऱ्यानें ७९२ आणि १०४४ ह्यांची बेरीज करावी. १८३६ येते, म्हणजे नेमकी एकशेंसाठ मीटरच्या पट्ट्यांत. ११८८ च्या दुपटींतून ५५८ वजा केले तर १८१८. तेंहि त्याच पट्ट्यांत. १८३६ वर एकाच वेळीं पुण्याचें भाषण आणि मुंबईचें गायन असा काला ऐकूं आला तर दोन केंद्रांनीं संगनमत केलें असें समजूं नये. दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळलेले ऐकूं येणें ही ह्या व्याधीची ठळक खूण आहे. ज्या गांवांत जीं केंद्रें जबर लागतात त्यांचे आंकडे घेऊन असा तक्ता प्रत्येक हौशी मनुष्यानें एका संध्याकाळीं तयार करावा. फार तर एक पान भरेल, आणि पुढें कित्येक रात्रींचा संताप वांचेल.

तक्त्यानें संशय बळावतो, पण निकाल लागत नाहीं. क्वचित् केंद्राच्या प्रेषकयंत्रांतूनहि दुप्पट-तिप्पट लहर थोडीशी बाहेर पडते, आणि तेव्हां ती हवेंतूनच येते. खरा गुन्हेगार आंत आहे कीं बाहेर हें ठरविण्याची एक परीक्षा आहे. तिला तीन रोधक एवढेंच साहित्य पुरतें, आणि ती ज्यानें एकदां करून पाहिली तो ह्या विषयांत पुन्हां फसत नाहीं. ६८ ओहमचा एक रोधक एरियल आणि यंत्र ह्यांच्या मधोमध तारेंत घालावा. त्याच्या दोन्ही टोकांपासून अर्थकडे १०० ओहमचा एकेक रोधक जोडावा. ५० ओहमच्या यंत्रास ही त्रयी दहा डेसिबेलची घट देते. म्हणजे आंत जाणारा दाब पूर्वीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आतां मापकाकडे पाहावें. खरोखर बाहेरून आलेली हांक तिसऱ्या हिश्श्यावरच येईल; मापकाचीं दीडएक घरें उतरेल. पण दोन लहरींच्या बेरजेतून यंत्रांत जन्मलेलें भूत असेल तर तें दहाव्या हिश्श्यावर येईल, आणि तिपटीचें असेल तर तिसाव्या हिश्श्यावर, म्हणजे पांचएक घरें खालीं. कारण उघड आहे. वर्गाचें घर एकतृतीयांशाच्या वर्गानें उतरतें, घनाचें घनानें. रोधक लावतांच गाणें साफ बुडालें आणि स्नेह्याची हांक मात्र थोडी मंद होऊन शिल्लक राहिली, तर पत्र फाडून टाकावें. गाणें आणि हांक सारखींच मंदावलीं, तर पत्र पुरें करण्यास हरकत नाहीं.

ह्या परीक्षेंतच उपायहि दडलेला आहे, आणि तो पुष्कळांच्या गळीं उतरत नाहीं. आवाज नीट ऐकूं यावा म्हणून यंत्राची शक्ति कमी करावयाची, हें उलटें वाटतें. बाजारांतील यंत्राच्या जाहिरातींत संवेदनक्षमतेचा आंकडा ठळक छापलेला असतो. हौशी मनुष्यहि एरियलच्या तोंडाशीं आणखी एक वर्धक जोडून त्या आंकड्यांत भर घालतो, आणि मित्रांस बोलावून दाखवितो. परंतु सात मेगॅहर्ट्झच्या खालीं, विशेषतः ह्या देशांतल्या हवेंत, कोणत्या हांका ऐकूं याव्यात हें यंत्र ठरवीत नाहीं. तें आकाश ठरवितें. वळवाच्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर विजा चमकूं लागल्या म्हणजे एरियलमधूनच इतका खरखराट येतो कीं, यंत्राच्या स्वतःच्या खरखरीस विचारतो कोण? अशा वेळीं दहा, कधीं कधीं वीस डेसिबेलची घट घातली तरी हांक आणि खरखर दोन्ही सारखींच उतरतात. त्यांतील अंतर तेंच राहतें, ऐकणाराचें कांहींच जात नाहीं. जातें तें फक्त यंत्रांतील भूत, कारण तें दुपटीनें तिपटीनें उतरतें. एरियल जोडतांच खरखर स्पष्ट वाढत असेल तर समजावें कीं यंत्र पुरेसें संवेदनक्षम आहे, आणि आणखी वर्धक म्हणजे ताणकांट्यास आणखी एक पोतें.

कांहीं यंत्रें एरियल काढून घेतलें तरी गात राहतात. तेव्हां पुढील सारा विचार बाजूस ठेवून घरांतील तारांकडे पाहावें. विजेच्या जोडतारेंतून, हेडफोनच्या दोरींतून, किंवा यंत्रास जोडलेल्या एखाद्या लांब तारेंतून गाणें शिरत असतें. आवाज कमीजास्त करण्याचा खुंटा पूर्ण मागें घेतला तरी गाणें तेवढेंच राहिलें, तर तें खुंट्याच्या पुढच्या ध्वनिवर्धकांत शिरून तेथेंच उकललें जात आहे हें निश्चित. ध्वनिवर्धकाच्या पहिल्या ट्रॅन्झिस्टरच्या तोंडाशीं हजार पिकोफॅरडचा लहान कंडेन्सर अर्थला जोडणें आणि संशयित दोरीचे आठदहा वेढे फेराइटच्या कड्यांतून काढणें, एवढ्यानें बहुधा भागतें. एरियलच्या समाक्ष केबलचेंहि असेंच. आंतील तार आपलें काम इमानानें करीत असते, पण बाहेरचें वेष्टण गच्चीपासून खोलीपर्यंत उभ्या तारेसारखें लोंबत असतें, आणि मध्यम लहरींस उभी तार फार प्रिय. तें वेष्टण घरांत शिरण्यापूर्वीं अर्थला जोडावें, आणि त्याच केबलचे कांहीं वेढे फेराइटवर घ्यावे.

आतां मुख्य दाराकडे वळावें. एकच केंद्र जबर असेल तर त्याच्या नांवाचा सांपळा लावणें हा सर्वांत जुना व स्वस्त उपाय. एक कॉइल आणि एक कंडेन्सर समांतर जोडून ती जोडी एरियलच्या वाटेंत घातली कीं जुळलेल्या लहरीस ती वाट अडविते आणि इतरांस बव्हंशीं जाऊं देते. १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलला ७९२ किलोहर्ट्झसाठीं सुमारें ४०० पिकोफॅरड लागतात आणि १०४४ साठीं सुमारें २३०. जुन्या संचांतील गँग कंडेन्सरच्या टप्प्यांत हे दोन्ही आंकडे येतात. गणिताचा कंटाळा असणारानें मोडीत काढलेल्या ट्रॅन्झिस्टर संचांतील मध्यम लहरींचें कॉइल आणि त्याचाच गँग उचलावा. ती जोडी जन्मतःच ह्या पट्ट्यासाठीं केलेली असते. गँग फिरवीत फिरवीत गाणें ज्या जागीं बुडेल तेथें थांबावयाचें. येथें एक फसगत मात्र पुष्कळांची होते. तें कॉइल फेराइटच्या कांडीवर असेल तर ती कांडी स्वतःच एक एरियल आहे, आणि उघडी ठेविली तर ज्या गाण्यास अडवावयाचें तेंच ती हवेंतून गोळा करून आंत सोडते! तिला पत्र्याच्या डब्यांत, भिंतींपासून थोडी दूर, बंद करावी. त्याहून चांगलें म्हणजे कांडी टाकून देऊन कड्यावर कॉइल गुंडाळावें.

केंद्रें तीनचार असतील तर एकेकासाठीं सांपळा लावीत बसण्यांत अर्थ नाहीं. मग सारा मध्यम लहरींचा पट्टाच दाराशीं थोपवावा. ज्यांस ऐंशी मीटर व त्यावरील पट्टेच ऐकावयाचे आहेत त्यांच्यासाठीं एक गाळणी येथें सांगण्यासारखी आहे. तिचे आंकडे लिहून घेण्यास सोपे आहेत. एरियलकडून येतांना तारेंत प्रथम सुमारें १७०० पिकोफॅरडचा कंडेन्सर. मग एका कॉइलनें अर्थला फांटा. मग तारेंत सुमारें ५३० पिकोफॅरड. पुन्हां तसेंच कॉइल अर्थकडे. आणि शेवटीं पुन्हां १७०० पिकोफॅरड. १५०० व २२० समांतर जोडले कीं पहिला आंकडा जमतो, ४७० व ५६ जोडले कीं दुसरा. दोन्ही कॉइलें १·६ मायक्रोहेन्रीचीं, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीवर तारेचे पंधरा वेढे, लांबी सुमारें दीड सेंटिमीटर. आंत लोखंड किंवा फेराइट नको. जबर लहरीपुढें लहानसें फेराइटहि प्रमाण सोडतें, आणि मग गाळणीच भुतें उत्पन्न करूं लागते. दोन कॉइलें एकमेकांस काटकोनांत बसवावीं, नाहींतर पहिल्यांतील गाणें मधला कंडेन्सर टाळून परस्पर दुसऱ्यांत उडी मारतें.

ही गाळणी ११८८ चा दाब शंभराव्या हिश्श्यावर आणते, १०४४ चा सुमारें दोनशेंव्या, आणि ७९२ चा सातशेंव्याहूनहि खालीं. ३५०० वरील हांकेचें नुकसान दहांत एका हिश्श्याहून कमी. ७००० वर तें जाणवतहि नाहीं. आतां घनाचा हिशेब पुन्हां आठवावा. ११८८ शंभराव्या हिश्श्यावर आली म्हणजे यंत्रांत होणारी तिची तिप्पट शंभराच्या घनानें, दहा लाखाव्या हिश्श्यावर जाते. ज्या गाण्यानें तक्रारीचें पत्र लिहविलें तें खरखरींत शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. पांचसहा कंडेन्सर आणि दोन हात तांब्याची तार ह्यांच्या मोबदल्यांत हा सौदा वाईट नाहीं.

गाळणी कोठें बसवावी ह्याविषयीं सावध राहावें. ज्या यंत्रांतून बोलणें व ऐकणें दोन्ही होतें त्याच्या सामाईक तारेंत हे नाजूक कंडेन्सर घातले तर बोलण्याची कळ दाबतांच धूर निघेल. त्यांची जागा बदलकळीच्या पुढें, फक्त ऐकण्याच्या वाटेवर. आणि एकशेंसाठ मीटर ऐकणारास ही गाळणी कामाची नाहीं, कारण ती त्याची हांकहि खाऊन टाकील. १८०० आणि मध्यम लहरींचें शेवटचें टोक ह्यांत अंतरच थोडें आहे. त्यानें सांपळे वापरावे, किंवा लहान वर्तुळाकार एरियल घेऊन तें फिरवावें. अशा वर्तुळास दोन बहिऱ्या दिशा असतात. त्यांतील एक केंद्राकडे वळविली कीं जमिनीलगत येणारी लहर आश्चर्य वाटावें इतकी क्षीण होते. रात्रीं आकाशांतून परतणाऱ्या लहरीवर हा उपाय तितका चालत नाहीं.

एवढें सगळें करूनहि गाणें हटत नाहीं अशीं कांहीं घरें असतात, आणि तीं कोंकणपट्टींत अधिक सांपडावीं ह्यांत नवल नाहीं. १९४४ सालीं इटलींत अँझिओ येथें खंदकांत बसलेल्या सैनिकांनीं दाढीचें पातें आणि पेन्सिलीचें शिसें ह्यांचा स्पर्श साधून रेडिओ ऐकला होता. पात्याच्या पृष्ठावरील काट विजेला एका बाजूनें जाऊं देतो व दुसऱ्या बाजूनें अडवितो, एवढ्यावर तें साधलें. त्याच्या कितीतरी आधीं, गॅलिनाच्या स्फटिकाचा हाच गुण जगदीशचंद्र बोस ह्यांनीं हेरला होता व त्याचें पेटंट १९०४ सालीं त्यांस मिळालें. खाऱ्या वाऱ्यानें गंजलेला पत्रा, पन्हळीचा सुटलेला सांधा, कपडे वाळत घालण्याच्या तारेचा गंजका आंकडा, हीं सारीं अशींच अडाणी पातीं. दोन केंद्रांच्या लहरी तेथें येतात, मिसळतात, आणि तयार झालेली १८३६ ची लहर तोच पत्रा एरियल होऊन परत हवेंत सोडतो. मग ती यंत्रास खरीखुरी बाहेरून आलेली दिसते. तीन रोधकांची परीक्षाहि तिला निर्दोष ठरविते. ह्या भुताची ओळख निराळी आहे. पाऊस पडून पत्रा भिजला कीं तें बदलतें, वारा सुटला कीं तुटक होतें, आणि कोणीं काठीनें पन्हळ ठोकली कीं क्षणभर गप्प बसतें. उपाय एकच: सांधा घांसून पक्का करावा, नाहींतर मध्यें लांकूड किंवा रबर घालून सांधा तोडावा. येथें हौशी माणसास शिडी चढण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आकाशांतहि एक असें मिश्रण होतें, पण त्याचा दोष कोणाच्याच पन्हळीस देतां येत नाहीं. १९३३ सालीं हॉलंडांत आइंढोवन येथें टेलेजेन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील बेरोमुन्स्टर केंद्र ऐकत असतां त्याच्या लहरीवर लक्झेंबुर्गचा कार्यक्रम बसलेला त्यांस आढळला. वर्षभरानें बेली आणि मार्टिन ह्यांनीं त्याचा उलगडा केला: जबर लहर वरच्या वातावरणांतील विद्युत्कणांस तापविते, आणि त्या प्रदेशांतून जाणारी दुसरी लहर त्या तापमानाच्या तालावर कमीजास्त शोषली जाते. अशा वेळीं ऐकणारानें हात जोडावे, दुसरें कांहीं करतां येत नाहीं.

राहतां राहिला चाळीस मीटरचा पट्टा, आणि येथें न्यायाचा कांटा दुसऱ्या बाजूस झुकतो. १९३८ सालच्या कैरो परिषदेनें अमेरिका खंडाबाहेर ७२०० ते ७३०० ह्या भागांत ध्वनिक्षेपणास मोकळीक दिली. १९४७ सालीं अटलांटिक सिटी येथें हौशी मंडळींचा वांटा आणखी आंखडला. पुढें सुमारें साठ वर्षें ह्या भूभागांतील हौशी मनुष्य ७१०० च्या वर गेला कीं त्यास प्रचंड केंद्रांच्या गर्दींत उभें राहावें लागे, आणि ती गर्दी कायद्यानेंच तेथें बसविलेली होती. २००३ सालच्या जिनीव्हा परिषदेनें ७१०० ते ७२०० हा भाग ध्वनिक्षेपणानें सोडावा असें ठरविलें, आणि २९ मार्च २००९ पासून तो हौशी मंडळींस मोकळा झाला. ७२०० च्या वरची वस्ती मात्र तशीच आहे. संध्याकाळीं ७१९० वर कान लावणारास वरच्या कुंपणापलीकडून कुजबूज ऐकूं येते. तेथें दारावरची गाळणी कामास येत नाहीं, कारण ७१९० आणि ७२०५ ह्यांत निवड करणें तिच्या आवांक्याबाहेरचें. तें काम पुढील स्फटिकांच्या गाळणीचें, आणि ती अडीच किलोहर्ट्झांपेक्षां फारशी रुंद असूं नये. घरगुती यंत्रांपैकीं जीं सरळ रूपांतराचीं असतात त्यांत आणखी एक खोड आढळते: कांटा कोठेंहि फिरविला तरी एकच कार्यक्रम पार्श्वभूमीस चालू. तेथें एकट्या डायोडाचा किंवा ट्रॅन्झिस्टरचा मिश्रक काढून चार डायोडांचा तोललेला मिश्रक बसवावा, आणि वर सांगितलेली रोधकांची त्रयी जवळ असूं द्यावी.

इतक्या चाळण्यांतून पार पडूनहि एखादें केंद्र ७१०० ते ७२०० च्या आंत खरोखरच बोलतांना आढळलें, आणि दुसऱ्या गांवच्या स्नेह्यानेंहि आपल्या यंत्रावर तें त्याच जागीं ऐकलें, तर तक्रारीचें पत्र अवश्य लिहावें. हौशी मंडळींच्या आंतरराष्ट्रीय संघाची अशा घुसखोरीवर लक्ष ठेवणारी व्यवस्था आहे व देशोदेशींच्या संस्था तिला माहिती पुरवितात. पत्रांत संतापाचीं वाक्यें नकोत. वारंवारता किलोहर्ट्झांत, तारीख, जागतिक वेळ, भाषा, केंद्रानें उच्चारलेलें स्वतःचें नांव, मापकाचा आंकडा, आणि दहा डेसिबेलची घट घातल्यावर तो किती उतरला तें.